डुकरं पाळण्याची लेखी परवानगी

रविवार, ११ जून १९७२

ही वही आजपासून फक्त घरखरेदीसाठी. दिना म्हणाली, "दादा, ऑफिसातल्या फायली पुरत नाहीत का तुम्हाला?" तिला काय कळणार! मुंबईला फोर्टमधल्या सॉलिसिटर कंपनीत मी एकवीस वर्षं काढली, शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून. जी गोष्ट कागदावर नाही ती घडलीच नाही, असं धरून चालायची मला सवय आहे.

तेव्हा आधी मूळ माहिती. मी सियोन बिन्यामीन चेऊलकर, वय सत्तावन्न, क्रॉयडनला एका इन्शुरन्स ऑफिसात फायलिंग बघतो. दिना माझी धाकटी बहीण, वय चाळीस, इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर. दोघंही अविवाहित. आई जाताना तिचा हात माझ्या हातात देऊन गेली. चौसष्ट साली दिनाला इथून नोकरीचं पत्र आलं. तिला एकटीला कसं पाठवणार? म्हणून मी नोकरी सोडून बरोबर आलो. तेव्हापासून ईलिंगमधल्या या दोन खोल्यांत आहोत. आता घरमालक नोव्हाक घर विकून मुलीकडे जाणार आहे, सप्टेंबरअखेर आम्हाला बाहेर पडायचं आहे.

मी म्हटलं दुसऱ्या खोल्या बघू. दिना म्हणाली, घर बघू. तिने बघूनही ठेवलं होतं! हॅनवेल, आर्चर रोड, नंबर सव्वीस. मागे छोटी बाग. मालकीण मिसेस पिल्बीम, विधवा, डेव्हनला बहिणीच्या शेजारी घर घेणार आहे. मी टॉर्च, टेप आणि एक गोटी घेऊन गेलो होतो. गोटी जमिनीवर ठेवली की घर कुठे कललंय ते कळतं. ती मागच्या खोलीतून निघाली ती थेट जिन्यापर्यंत गेली. मी नोंद केली. तोवर दिना आणि मिसेस पिल्बीम स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या होत्या. घर बघायला आलेल्या माणसाने चहा पीत बसू नये, समोरची बाजू वरचढ होते. हे मी बसस्टॉपवर तिला समजावून सांगितलं.

मंगळवार, १३ जून

किंमत ठरली. म्हणजे दिनाने एजंटला फोन करून ठरवली, मी तिच्या शेजारीच उभा होतो.

इथली पद्धत अजब आहे. आपल्याकडे विसार दिला की माणूस बांधला गेला. इथे एजंटने थोडे पैसे घेतले, पावती दिली, आणि पावतीवर छापलंय 'सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट'. म्हणजे करार होईपर्यंत कुणीच कुणाला बांधलेलं नाही! ती उद्या दुसऱ्याला विकू शकते, आपण उद्या नाही म्हणू शकतो. दोन्हीकडच्या सह्या झालेल्या प्रतींची अदलाबदल झाली, एक्स्चेंज झालं, की मग खरं. त्याला दोन महिने लागतात.

दिना म्हणाली, "म्हणजे दोन महिने सगळ्यांनी नुसतं सभ्यपणे वागायचं."

मी म्हटलं, "म्हणूनच प्रत्येक गोष्ट लेखी हवी."

सोमवार, १९ जून

कन्व्हेयन्सिंग, म्हणजे खरेदीखताचं सगळं काम, मीच करणार होतो. कायद्याने बंदी नाही. पण दिनाने परस्पर सॉलिसिटर ठरवला. मिस्टर ट्रस्कॉट. तिच्या वॉर्डात त्यांचं ॲपेंडिक्स झालं होतं, एवढीच त्यांची शिफारस.

आज ऑफिसात गेलो. ट्रस्कॉट पन्नाशीचे, उंच, खांदे पडलेले, बोलताना पेनचं टोपण काढतात आणि लावतात. मी माझी फोर्टमधली ओळख करून दिली. ते म्हणाले, "मग तर तुमची मोठीच मदत होईल, मिस्टर चेऊलकर." माझं नाव त्यांनी पहिल्या फटक्यात बरोबर उच्चारलं. दिनाने शिकवलं असणार.

मी विचारलं, सॉलिसिटर नेमकं काय करतो? (मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे का ते बघायचं होतं.) त्यांनी सांगितलं, विकणारी बाई खरोखर मालकीण आहे ना, घरावर बोजा आहे का, कौन्सिल समोरून रस्ता काढणार आहे का, जुन्या कागदांत काही अटी आहेत का, हे सगळं बघतात. "आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे," ते म्हणाले, "घेणाऱ्याला कुठे थांबायचं ते सांगणं."

मी विचारलं, घर घेताना की प्रश्न विचारताना? ते नुसते हसले. दिनाही हसली. 

बुधवार, ५ जुलै

कौन्सिलकडून लोनचं पत्र आलं. पत्त्यावर चूक आहे. 'मिस डी. चेऊलकर' एवढंच लिहिलंय. आतही सगळीकडे 'आपण' म्हणजे तीच. मी ट्रस्कॉटना ऑफिसातून फोन केला की टायपिस्टकडून माझं नाव राहिलंय.

ते म्हणाले, "राहिलेलं नाही. लोन पंचवीस वर्षांचं आहे. तुमचं वय..." आणि टोपण लावल्याचा आवाज आला.

त्याआधी घरासाठी कर्ज देणाऱ्या दोन सोसायट्यांनी दिनाला विचारलं होतं, लग्नाचा विचार आहे का, कारण बाईचा पगार पुरा धरता येत नाही. ती म्हणाली, "मी चाळीस वर्षांची आहे." तरी त्यांनी अर्धाच धरला. कौन्सिलने मात्र पुरा धरला. दिना पत्र पुन:पुन्हा वाचत होती. मी म्हटलं, नुसती औपचारिकता आहे, घराचा कर्ता कोण हे काही लोनवरून ठरत नाही.

ती म्हणाली, "नाही ठरत." पत्र घडी घालून तिने पर्समध्ये ठेवलं. फाईलला लावायला मागितलं तर दिलं नाही.

रविवार, ९ जुलै

विकणाऱ्या पक्षाला करारापूर्वी प्रश्न विचारायचे असतात. छापील फॉर्म असतो, त्यात जेमतेम पंधरा प्रश्न. मी स्वतंत्र कागदावर एक्केचाळीस काढले. काही नमुने:

कुंपण कुणाचं, आणि ते कापणार कोण? छपरावरून पडलेलं पाणी कायद्याने कुठे जातं? या घरात कोण कोण वारलं आणि कशाने? शेजाऱ्यांचं मांजर मागच्या बागेतून ये-जा करतं (मी स्वतः पाहिलं), वीस वर्षं वहिवाट झाली तर त्याला हक्क प्राप्त होतो का?

दिनाने यादी वाचली. म्हणाली, "मांजर वीस वर्षं जगत नाही, दादा."

"एक मांजर नाही जगत. पण मांजरांची परंपरा?"

ती उठून भांडी घासायला गेली.

मला एक आठवलं. छप्पन साली दिनासाठी अलिबागहून स्थळ आलं होतं. मी रीतसर सतरा प्रश्न लिहून पाठवले. नोकरी कायम आहे का, घर कुणाच्या नावावर, वडिलांना डायबेटिस आहे का, वगैरे. मंडळींनी उत्तरच दिलं नाही. असे लोक वेळीच ओळखता आले ते केवळ प्रश्नांमुळे.

गुरुवार, २० जुलै

उत्तरं आली. मी मुंबईतले खूप बेरकी वकील पाहिले, पण यांच्यापुढे ते लहान मुलं.

कुंपण? 'विकणारीला माहिती नाही.' पाणी? 'घेणाऱ्याने स्वतः पाहणी करून खात्री करून घ्यावी.' कौन्सिलचं काही भांडण? 'विकणारीला माहीत आहे तितपत, नाही.' मांजराबद्दल त्यांच्या सॉलिसिटरने लिहिलंय, 'हा प्रश्न विनोद म्हणून विचारला आहे असे आम्ही समजतो.'

फक्त एका उत्तराशेजारी मिसेस पिल्बीमने हाताने लिहिलंय: 'माझे पती हॅरॉल्ड, वरच्या पुढच्या खोलीत, न्यूमोनिया, जानेवारी १९६९. खूप शांतपणे.' दिना त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसली. संध्याकाळी ड्यूटी संपवून परस्पर आर्चर रोडला गेली. पडद्यांचं माप घ्यायला, म्हणाली. मागच्या आठवड्यातही तीच मापं घेतली होती. बायकांना एकदा मोजून भागत नाही.

मंगळवार, २५ जुलै

सापडलं!

ट्रस्कॉटकडून जुन्या खताची नक्कल आली. १९११ साली हॅथर्ली नावाच्या जमीनदाराने इथले प्लॉट पाडून विकले, तेव्हा घातलेल्या अटी आजही घराला चिकटलेल्या आहेत. दारूचा गुत्ता काढायचा नाही. पुढच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि कलम चार: सदर जागेत डुकरे पाळायची नाहीत.

दिना इतकी हसली की तिला ठसका लागला. "दादा, अख्ख्या इंग्लंडात ही एक अट आपण जन्मभर बिनतक्रार पाळू! आपल्या आजीला कळलं असतं तर तिने आधी हेच घर घेतलं असतं."

मी हसलो नाही. आपण बेने इस्रायल यहुदी, डुक्कर आपण तसंही पाळणार नाही, खाणार नाही, बघणारही नाही. पण प्रश्न डुकरांचा नाही, तत्त्वाचा आहे. स्वतःच्या धर्माने डुक्कर न पाळणं वेगळं आणि कुणा हॅथर्लीच्या हुकमाने न पाळणं वेगळं. शिवाय अट मोडली तर कोर्टात कोण खेचणार? हॅथर्लीचा वारस? तो आहे कुठे? हे कळल्याशिवाय मी सही करणं शक्य नाही.

ट्रस्कॉटना तसं पत्र टाकलं.

गुरुवार, २७ जुलै

ट्रस्कॉटचं उत्तर: 'तुमचा डुकरे पाळण्याचा इरादा आहे का?'

मी: 'नाही.'

शुक्रवारी त्यांचं उत्तर येईल. सही करताना पेन फार जोरात दाबतात ते, मागच्या पत्राला भोक पडलंय.

सोमवार, ३१ जुलै

आज दोघं मिळून ट्रस्कॉटकडे. घर कुणाच्या नावावर घ्यायचं हा विषय निघाला. मी म्हटलं, माझ्या एकट्याच्या. सुटसुटीत.

ते म्हणाले, लोन मिस चेऊलकरांना मिळतंय, तेव्हा नाव त्यांचं असायलाच हवं. मी मोठ्या मनाने म्हटलं, बरं, मग दोघांचं, माझं आधी.

मग त्यांनी समजावलं की दोन नावांचेही दोन प्रकार असतात. एकात दोघं मिळून सगळ्याचे मालक, एक गेला की आपोआप दुसऱ्याचं. दुसऱ्यात ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा, तो मृत्युपत्राने कुणालाही देता येतो. भावाबहिणीत हिस्से कसले, असं मी म्हणणार तोच त्यांनी विचारलं, "उद्या तुमच्यापैकी कुणी लग्न केलं तर?"

मी खो खो हसलो. मग लक्षात आलं की खोलीत मी एकटाच हसतोय.

निघताना दिनाने सहज विचारलं, "समजा शेवटच्या क्षणी एकाच नावावर करार करायचा ठरला, तर कागद बदलायला किती वेळ लागतो?"

ट्रस्कॉट म्हणाले, "टायपिस्ट हजर असेल तर वीस मिनिटं."

बसमध्ये मला समाधान वाटलं. माझ्या एकट्याच्या नावावर घेण्यातला सुटसुटीतपणा अखेर तिला पटायला लागलाय.

मंगळवार, ८ ऑगस्ट

करार आला. दिनाने टेबलावरच, भाजी चिरता चिरता, हात पुसून सही केली. वाचलादेखील नाही! (म्हणते, दोनदा वाचला, मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा.) मी सही राखून ठेवली आहे. माझ्या वाट्याच्या डिपॉझिटचा चेकही खिशात ठेवलाय. कलम चार निकाली निघेपर्यंत दोन्ही तिथेच.

लायब्ररीत जुन्या डिरेक्टऱ्या चाळल्या. हॅथर्लीचा मुलगा जिवंत आहे! मेजर हॅथर्ली, वय चौऱ्याऐंशी, राहणार वर्दिंग, समुद्रकाठी. पत्र टाकलं.

रविवार, १३ ऑगस्ट

पेपरात रोज एक नवा शब्द येतो, 'गझम्पिंग'. बोलणी पक्की झाल्यावर दुसऱ्याने जास्त भाव दिला की विकणारा त्याच्याकडे वळतो, आणि कायदा काही करू शकत नाही. सगळ्या लंडनात पेव फुटलंय.

दिना आर्चर रोडहून आली ती चेहरा पाडून. आठवडाभर कुणी माणूस मिसेस पिल्बीमकडे खेपा घालतोय. रोख पैसे, वर आठशे पौंड जास्त. एजंट तिच्या मागे लागलाय. "ती नाही म्हणतेय, दादा. मला शब्द दिलाय म्हणते. पण तिचं डेव्हनचं घर अडलंय. ती किती दिवस थांबेल? तुम्ही सही करा ना."

मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांब."

"गुरुवारी काय आहे?"

"आहे काहीतरी."

मेजरचं उत्तर आलंय, गुरुवारी जेवायला आणि चहाला बोलावलंय. हे मी तिला सांगितलं नाही. हातात कागद घेऊन तिच्यापुढे उभं राहायचं, असा बेत आहे.

गुरुवार, १७ ऑगस्ट

हे सगळं क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर मला काही सुचणार नाही.

ऑफिसातून रजा घेतली. दिनाला म्हटलं, कामाने बाहेर जातोय. व्हिक्टोरियाहून ट्रेन. बारा वाजता वर्दिंग. मेजर हॅथर्ली काठी टेकत स्वतः दारात आले. बहिरे आहेत. आधी त्यांनी मला काचेच्या पेटीतले पेंढा भरलेले मासे दाखवले, सगळे, प्रत्येकाची तारीख आणि वजन. मला ते आवडलं. माणूस नोंदी ठेवणारा आहे. मग जेवण. मग बागेत फेरी. चार वाजता चहा. चहावर मी कलम चार काढलं.

"डुकरं?" ते ओरडले. "माझ्या वडिलांना वासाचा त्रास व्हायचा. ते चौतीस साली गेले. तुम्ही कुठची जात पाळणार?"

मी म्हटलं, कुठचीच नाही, आम्ही यहुदी आहोत.

"काय?"

"आम्ही ज्यू आहोत!"

"उत्तम! उत्तम! बर्कशायर घ्या. फार शहाणं डुक्कर."

आणि त्यांनी घराण्याचं चिन्ह असलेल्या कागदावर, थरथरत्या पण स्पष्ट अक्षरात लिहून दिलं: 'मिस्टर सियोन चेऊलकर यांस सदर जागेत कितीही डुकरे पाळण्यास माझी हरकत नाही.' खाली तारीख, सही, आणि त्यांच्या मोलकरणीची साक्ष.

ट्रेनमध्ये मी तो कागद तीनदा काढून वाचला. आयुष्यात इतकं निर्वेध काम माझ्या हातून झालेलं नव्हतं.

सात वाजता घरी पोचलो. दिना टेबलाशी बसली होती, अजून युनिफॉर्ममध्ये, अंगावर केपसुद्धा तशीच.

"दादा, बसा आधी."

"बसतो. आधी हे वाच."

तिने वाचलं. ओठ घट्ट मिटून पुन्हा वाचलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि ते पुसणं काही थांबेना.

"काय झालं?"

"घर झालं," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

अकरा वाजता एजंटने तिला वॉर्डात फोन केला होता. डेव्हनचा विकणारा अडून बसला: आज पाचच्या आत करार, नाहीतर घर दुसऱ्याला. म्हणजे मिसेस पिल्बीमलाही आजच विकायला हवं, आम्हाला नाहीतर त्या रोखवाल्याला, आणि त्याची सही तयार. दिनाने क्रॉयडनला माझ्या ऑफिसात फोन केला. रजेवर. कुठे गेलेत? ठाऊक नाही. नोव्हाकला विचारलं. ठाऊक नाही. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मेट्रनची परवानगी काढून टॅक्सीने ट्रस्कॉटकडे.

"ते म्हणाले, तुमच्या सहीशिवाय तुम्हाला बांधता येणार नाही. दोघांच्या नावाचा करार आज होणार नाही. एकटीच्या नावावर होईल, लोन माझंच आहे, डिपॉझिटपुरते पैसे माझ्याकडे आहेत. त्यांनी मला तीनदा विचारलं, नक्की का. एकदा तर खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी आले, मी एकटीने विचार करावा म्हणून. मग करार टाइप झाला, आणि ते स्वतः रस्ता ओलांडून मिसेस पिल्बीमच्या सॉलिसिटरकडे घेऊन गेले. पाचला दहा कमी होते."

मी म्हटलं, "मला न विचारता?"

"तुम्ही कुठे होतात?"

"मी तुझ्यासाठीच..." मी कागद पुढे केला. तो या प्रसंगी पुरेसा वाटला नाही.

"दादा," ती म्हणाली, "अलिबागच्या वेळी मी चोवीस वर्षांची होते. तुम्ही सतरा प्रश्न पाठवलेत. मी आठ महिने पोस्टमनची वाट पाहिली. काही बोलले नाही. आज मला वाट पाहायची नव्हती."

"त्यांचे कागद पुरे नव्हते."

"त्याचं नाव एलियास होतं."

मला नाव आठवत नव्हतं. ते पेटीतल्या फायलीत असेल.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

शनिवारच्या शब्बाथचे दिवे तिने संध्याकाळी लावले. जेवलो. मीठ मागण्यापलीकडे बोलणं नाही. मच्छी उत्तम झाली होती, पण ते मी सांगितलं नाही.

रविवार, २० ऑगस्ट

ट्रस्कॉटविरुद्ध तक्रारीचा मसुदा केला. चार पानं. वाचून पाहिला. त्यात त्यांनी काय चूक केली ते कुठेही सापडेना. मला पाठवलेली त्यांची पत्रं काढली. एकूण नऊ, त्यांतल्या सहांच्या शेवटी लिहिलंय, 'कृपया सही करावी.'

अलिबागची फाईलही काढली. माझे सतरा प्रश्न, कार्बन कॉपी. खाली दुसऱ्या अक्षरातलं एक पोस्टकार्ड टाचलेलं. ते आलं होतं हे मी पार विसरलो होतो. 'आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे भेटून देईन. रविवारी येऊ का? एलियास.' वर माझा शेरा: 'मोघम. लेखी मागवणे.'

वही इथेच बंद करतो आज.

बुधवार, २३ ऑगस्ट

दिनाशी बोलणं जमेना, म्हणून रीतसर मार्ग धरला. प्रश्न लिहून तिच्या दाराखालून सरकवले. सकाळी उत्तरांसकट चहाच्या कपाखाली ठेवलेले मिळाले. मूळ कागद इथे चिकटवतो.

१. अर्जदाराने सप्टेंबरनंतर कुठे राहावे? — २६, आर्चर रोड. मागची खोली. सकाळी ऊन येतं.

२. सदर खोलीत गोटी घरंगळते. — घेणाऱ्याने स्वतः पाहणी केली आहे.

३. अर्जदाराची फायलींची चार कपाटं? — दोन.

४. अर्जदाराचा दर्जा काय? भाडेकरू, पाहुणा की वहिवाटदार? — भाऊ.

५. खिशातल्या चेकचं काय करावं? — छप्पर गळतं. तिथे लावा.

६. मालकिणीचा भविष्यात लग्नाचा विचार आहे का? — मालकिणीला माहीत आहे तितपत, नाही. पुढची हमी देता येत नाही.

७. अलिबागबद्दल अर्जदाराला काही सांगायचं आहे. ते लेखी चालेल का?

सातव्यापुढे तिने काही लिहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेलो. ती पाव भाजत होती.

"लेखी नको," ती पाठमोरीच म्हणाली.

मग मी सांगितलं. पोस्टकार्डाचंही. बोलताना मुद्दे पुढे-मागे झाले, काही दोनदा आले. तिने पोस्टकार्ड मागितलं. मी दिलं. पाव जळला. दुसरा भाजला.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

कम्प्लीशन. हा शब्द मला आवडतो. कौन्सिलचे पैसे तिकडे, खत इकडे, एजंटकडून किल्ल्या. दिनाने सकाळीच मला विचारलं, "मेजूझा लावाल का दाराला?" धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी असलेला तो छोटा डबा शब्बाथ लागायच्या आत चौकटीला लावला, बेराखा म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. तिरका लावायचा असतो, पण चौकटच इतकी तिरकी की सरळ लावला तरी चाललं असतं.

मिसेस पिल्बीम सगळे पडदे ठेवून गेलीय. म्हणजे मापं घ्यायची गरजच नव्हती. दिनाला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "नव्हतीच."

वरच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती. दिनाने ती हलवू दिली नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज घराचा मलिदा झाला, आपला देवाचे आभार मानायचा विधी. साउथॉलहून जाडे पोहे आणले. नारळ, खजूर, केळी, सफरचंदं, वर गुलाबाच्या पाकळ्या, मागच्या बागेतल्याच. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला मला तीन आठवडे लागले, लंडनमध्ये आपली माणसं कुठे कुठे विखुरलीत! ट्रस्कॉटनाही बोलावलं होतं. ते बायकोला घेऊन आले, टोपी घालून कोपऱ्यात उभे राहिले, आणि शेजाऱ्यांचं मांजर खिडकीतून आत डोकावलं तेव्हा माझ्याकडे न बघण्याची त्यांनी पुष्कळ काळजी घेतली.

तबक मधे ठेवलं. झकेरियाकाका, आमच्यातले सर्वांत वडील, त्यांनी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गीत लावलं. सगळ्यांनी धरलं. मग आशीर्वादाची वेळ आली. ते थांबले, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घरधन्याचं नाव सांगा."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक होतं. मी कोट घातला होता, पुढे उभा होतो, वयाने मोठा. दिना स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात केळ्यांचं ताट.

मी म्हटलं, "दिना बात बिन्यामीन."

झकेरियाकाकांना ऐकू कमी येतं. "कोण? सियोन ना?"

"दिना," मी मोठ्याने म्हटलं. "घर माझ्या बहिणीचं आहे."

त्यांनी मान हलवली, आणि तिचं नाव घेऊन आशीर्वाद म्हटला. आम्ही आमेन म्हटलं. दारात ताट चौकटीवर आपटल्याचा आवाज झाला, पण फुटलं काही नाही.

पुढे केळी कमी पडली. रविवारी कोपऱ्यावरचं एकच दुकान उघडं असतं, मी तिथे गेलो. परत आलो तेव्हा आतून बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी अलिबागची काहीतरी गंमत सांगत होतं आणि दिना हसत होती. मी बेल वाजवली.

तिने दार उघडलं. "हे काय दादा, किल्ली नाही घेतलीत?"

"राहिली," मी म्हटलं.

किल्ली खिशात होती. पण तिच्या घराचं दार तिने उघडावं, असं मला वाटलं.